फाटे, फणी आणि कात्री

माहूरच्या गडावर रेणुकामातेच्या मंदिराच्या पायऱ्या सुरू होतात, तिथे माझ्या आईचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली एक लांब फळी. फळीवर खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या, काचेच्या बांगड्या आणि देवीला वाहायचं सौभाग्यलेणं : बोटभर फणी, इवलासा आरसा, करंडा, काळी पोत. शेजारच्या टोपलीत रोजच्या वापराच्या मोठ्या फण्या आणि कंगवे. नवरात्रात नऊ दिवस आणि एरवी मंगळवारी-शुक्रवारी ही टोपली माझ्या ताब्यात असे. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. म्हणजे १९७८-८० चा काळ.

बायका बांगड्यांवर घासाघीस करत, कुंकवाचा रंग पारखून घेत. फणी मात्र प्रत्येक जण आधी तळहातावर ओढून बघे. दात बोचले की परत टोपलीत. त्या टोपलीला कधीच हात न लावणाऱ्या दोनच बायका मला आठवतात. एक गावातल्या म्हाताऱ्या काकू, तांबडं आलवण नेसणाऱ्या, डोईवरून पदर कपाळापर्यंत ओढलेल्या. दुसरी माझी सख्खी आत्या. काकूंच्या डोक्यावर केस नव्हते. आत्याच्या डोक्यावर जट होती.

माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पुढचं सगळं ग्रंथालयांतून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि विचारत-विचारत झालं. गेली वीस वर्षं मी केसांविषयी मिळेल ते वाचते आहे, हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, ‘केसांना फाटे फुटतात, त्यावर काय करावं?’ माझ्याही वाचनाची सुरुवात याच प्रश्नापासून झाली. तो मला पुन्हा त्या दोन बायकांपाशी आणून सोडेल, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

एसटीने फिरलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला फाटा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सरळ चाललेला रस्ता जिथे दुभंगतो तो फाटा. केसाचंही तसंच. आई माझी बट घेऊन दोरीसारखी पिळायची. पिळलेल्या बटेतून फाटलेली टोकं कुसळांसारखी बाहेर उभी राहायची. ‘बघ, शेंडे वाळायलेत,’ ती म्हणायची. ‘झाड वरून हिरवं दिसलं म्हणून काय झालं?’

तिची उपमा उलटी होती, एवढंच. झाडाचा शेंडा कोवळा असतो. केसाचा शेंडा सगळ्यात म्हातारा. केस वाढतो मुळाशी, महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. कमरेपर्यंत पोचलेल्या केसाचं टोक त्वचेतून बाहेर आलं, त्याला पाच-सहा वर्षं झालेली असतात. तेवढी वर्षं त्याने ऊन, धूळ, साबण, विहिरीचं पाणी, गाठी सोडवताना बसलेले हिसके असं सगळं सोसलेलं असतं. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्याला जखम झाली तर ती भरून येत नाही.

केसाची रचना समजली की फाटा समजतो. आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंची जुडी असते आणि तिच्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ खवले. खवल्यांवर स्निग्धतेचा अगदी सूक्ष्म थर. आधी तो थर धुपतो, मग खवले उचकटतात, झडतात आणि उघडी पडलेली जुडी सुटते. सुंभाची गाठ सुटली की टोकाशी काथ्या पिंजारतो, तसंच. पिंजारलेलं टोक चिकटवल्यासारखं करणारी द्रव्यं बाजारात मिळतात, पण पुढच्या न्हाण्याला ती वाहून जातात. फुटलेल्या फाट्यावर खरा उपाय एकच : फाट्याच्या वर बोटभर जागी कात्री. बाकी सगळे उपाय फाटा फुटू नये म्हणून करायचे.

*

ही काळजी आजची नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त माणसाच्या लक्षणांवर एक अध्याय आहे. सुखी माणसाचे किंवा राजाचे केस कसे असतात ते त्यात सांगितलं आहे : एका रंध्रातून एकच उगवलेले, स्निग्ध, काळे, किंचित कुरळे, मऊ आणि ‘अभिन्नाग्र’, म्हणजे टोकाशी न फुटलेले. लगेच पुढे दरिद्री माणसाचे केस येतात. ते जाड, राठ, आखूड आणि ‘स्फुटिताग्र’. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी केसांचे फाटे पाहिले होते आणि ते गरिबीची खूण म्हणून नोंदवले होते. वराहमिहिराला ते दैवाचं लक्षण वाटलं. मला वाटतं, त्याचं निरीक्षण चोख होतं. कार्यकारणाची दिशा मात्र उलटी होती. फाटे फुटलेले केस असलेला माणूस दरिद्री होत नाही. दरिद्री माणसाच्या केसांना फाटे फुटतात.

वैद्यकाचे ग्रंथ दैवाच्या वाटेला न जाता उपाय सांगतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात डोक्याला रोज तेल लावण्याचा उपदेश आहे आणि वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत ‘केशभूमिस्फुटन’ आहे. ते टोकांचं नव्हे, केसांखालच्या त्वचेचं फुटणं. पण निदान तेच, रूक्षता. सुश्रुताने फणीचे गुण सांगितले आहेत : ती केसांना हितकर आहे, धूळ, उवा आणि मळ काढते. तेल आणि फणी, दोन्ही तेव्हापासून आपल्या घरात आहेत.

पण कोणाच्या घरात? आमच्या भागात नारळाचं तेल हे वाण्याकडून बाटलीत आणायचं तेल. घरचं तेल करडईचं, तिळाचं, जवसाचं. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातले गोंड आणि कोलाम मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल काढत. थंडीत ते थिजे. तेच खायला, तेच अंगाला, तेच केसांना. न्हायला शिकेकाई आणि रिठा, ते नसेल तेव्हा ताक, नाहीतर नदीकाठची चिकणी काळी माती. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं. त्याने केसांचे खवले मिटलेले राहतात. कपड्यांचा साबण क्षारधर्मी. त्याने ते उचकटतात. त्यात आमच्या विहिरींचं पाणी जड. जड पाण्यातला चुना आणि साबण यांचं मिळून एक चिकट किटण होतं, ते केसांवर बसतं. फणी अडकते, हिसका बसतो, फाटा फुटतो. पुढे १९८० नंतर शाम्पूच्या छोट्या पुड्या खेड्यापाड्यात पोचल्या आणि न्हाणं सोपं झालं. किटण गेलं, पण आधी तेल मुरवायची सवयही हळूहळू गेली.

त्या सवयीत तथ्य होतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले संशोधक आरती रेळे आणि रा. बा. मोहिले यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातून वाहून जाणारं प्रथिन कमी झालं. बाकी दोन्हींनी तसा फरक पडला नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं, असं त्यांनी कारण दिलं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच हा अभ्यास, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग न्हाणं हा क्रम ठरवणाऱ्या बायकांना त्यात नवल वाटलं नसतं. आत न शिरणारं तेलही वाया जात नाही. ते केसांवर राहतं आणि फणीचं घर्षण कमी करतं.

फणीचंही शास्त्र आई सांगायची. हेदूच्या लाकडाची किंवा शिंगाची फणी चांगली, कारण तिचे दात घासून गुळगुळीत होतात. स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याला साच्याची धार राहते. विंचरायचं ते शेंड्याकडून, गाठ सोडवत हळूहळू वर. ओल्या केसात बारीक फणी घालायची नाही, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. आणि वेणी घालायची, मोकळं सोडायचं नाही.

*

केस हे दप्तर आहे, असं मी म्हणते ते १९७२ च्या दुष्काळामुळे. त्या वर्षी आमच्या भागातल्या बायका खडी फोडायला गेल्या. आई सांगायची, त्या दोन वर्षांत ओटीतल्या बोटभर फण्या तेवढ्या खपल्या. मोठी फणी कोणी घेतली नाही. नवस फिटत होते, पण तेलाला पैसा नव्हता. बायकांचे आणि पोरांचे केस तांबूस पडले होते. खाण्यात प्रथिनं कमी पडली की केस विरळ, तांबूस आणि ठिसूळ होतो. पुन्हा पोटभर मिळालं की पुढचा केस काळा येतो आणि मधला फिका पट्टा तसाच राहतो. वैद्यकात याला निशाणाची खूण म्हणतात. १९७६ साली एखाद्या बाईची वेणी उलगडली असती, तर तिच्या मध्यावर दुष्काळ दिसला असता. दरवर्षी शेंडे कापणाऱ्या बाईच्या केसातून तो केव्हातरी गळून पडला असता.

पण आमच्याकडे शेंडे कापत कोण होतं?

इथे मला आलवणातल्या काकू आठवतात. मराठी घरात बाईच्या केसाला कात्री लागणं याचा अर्थ, काही जातींत तरी, शेकडो वर्षं एकच होता. नवरा मेला की न्हाव्याला बोलावायचं. नंतर दर काही दिवसांनी पुन्हा. ज्यांच्यात केशवपनाची रीत नव्हती, त्यांच्याही मनात कात्री आणि अशुभ यांची गाठ बसली. म्हणून सवाष्णीच्या केसाला, शेंड्यापुरतीसुद्धा, कात्री लावायची नाही. फाट्यावरचा एकमेव उपाय आपण अपशकुनाच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. केसांविषयीचं आपलं सगळं घरगुती ज्ञान तेल, फणी आणि न्हाण्याभोवती का फिरतं, कापण्याविषयी ते गप्प का, याचं उत्तर मला इथे सापडलं.

या रिवाजाविरुद्ध बोलणारे होतेच. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि विधवांच्या हालांचा जाब पुरुषांना विचारला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं वपन न करण्याचा निर्धार केला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. वस्तरा ज्याच्या हातात होता त्यानेच तो खाली ठेवला, स्वतःची मजुरी बुडवून. धोंडो केशव कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडताना अनेक वर्षं वपन चालू ठेवलं होतं. मग एके दिवशी स्वतःच्या विचाराने ते थांबवलं. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी ते सगळं सांगितलं आहे.

आमच्या काकूंपर्यंत यातलं काही पोचलं नाही. त्यांचं लग्न आठव्या वर्षी झालं होतं आणि तेराव्या वर्षी डोईवरचे केस गेले. एकदा त्या माझ्या लांब वेणीचं टोक बोटांत घेऊन म्हणाल्या होत्या, ‘फाटे फुटलेत गं. असू देत. आहेत तर फुटतात.’

*

दुसरी बाई माझी आत्या. १९७३ मध्ये ती चोवीस वर्षांची होती. उन्हाळाभर खडी फोडली, मग विषमज्वराने सव्वा महिना अंथरुणावर पडली. ताप उतरला तेव्हा मानेमागे केसांचा एक गुंता झाला होता. मोठ्या तापानंतर केस गळतात. गळलेले केस उरलेल्यांत अडकून बसतात. तेल नाही, फणी नाही, डोकं सतत उशीवर घासलेलं. खवले उचकटलेले केस एकमेकांत रुततात आणि परत फिरत नाहीत. लोकरीचं कापड गरम पाण्यात चोळलं की आटून घट्ट होतं, तीच ही क्रिया. फाट्यांची आणि जटेची सुरुवात एकच असते. एक वाट टोकाशी दुभंगते, दुसरी गुंतत जाते.

तो गुंता त्या आठवड्यात तेलाने सुटला असता, किंवा कात्रीने निघाला असता. पण कोणीतरी म्हणालं, देवी आली. मग त्याला हळदकुंकू लागलं. जट असलेल्या बाईशी संसार करायचा नसतो म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं. आत्या माहेरी आली आणि मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागू लागली. तीच गोष्ट सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखात आणखी पुढे जाते. तिथे जट आलेल्या पोरी देवीला सोडल्या जात. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी ते जग मराठी वाचकांसमोर आणलं. त्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये आला, तो एका मुलीच्या जटेपासूनच सुरू होतो. देवदासींसाठी मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदे केले. जटेची भीती मात्र कायद्याने जात नाही.

ही भीती फक्त आपली आहे असंही नाही. युरोपात पोलंडमध्ये अशा जटेला ‘कोल्तुन’ म्हणत. ती कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असं लोक मानत. पुस्तकी वैद्यकाने तिला रोगाचा दर्जा देऊन लॅटिन नावही दिलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राकोव्ह शहरातले डॉक्टर योझेफ दीत्ल यांनी ठामपणे सांगितलं की हा रोग नाही, न विंचरल्याचा परिणाम आहे, कापा. जटेवर कर बसणार अशी अफवा उठली, तेव्हा लोकांनी घाईने जटा कापल्या, असंही सांगतात. हेच दीत्ल १८६६ मध्ये त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्री चालवायला थोडा वेळ लागतो. त्याआधीचं बोलणं महिनोन् महिने चालतं.

आमच्या घरी ते बोलणं एकतीस वर्षं चाललं. मी आत्याला केराटिन सांगितलं, खवले सांगितले, पोलंडसुद्धा सांगितलं. ती हसून मान हलवायची, तीसुद्धा जपून, कारण जटेच्या वजनाने मान दुखायची. २००४ च्या नवरात्रानंतर एका दुपारी आई ओटीचं सामान लावत बसली होती. आत्या समोर. आई सहज बोलल्यासारखं म्हणाली, ‘वन्सं, इतकी वर्षं मी देवीला फण्या विकायले. फणी नको म्हणून एकदा बी परत आली नाही. तिला चालती, तर तुमाला का चालत नाही?’

आत्या काही बोलली नाही. आठ दिवसांनी मला म्हणाली, ‘कात्री आण.’

मुळाशी दोन बोटं केस ठेवून मी जट कापली. अर्धा तास लागला. खाली कातडी सोलवटली होती, तिथे औषध लावलं. कुंकू जोखायच्या तराजूत जट टाकली. साडेचारशे ग्रॅम भरली. त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही. मी सगळं वाचलेली, तरी मीही जागीच होते. सकाळी आत्या स्वतः जाऊन ती पैनगंगेत सोडून आली. येताना मान एका बाजूला कललेली होती. इतक्या वर्षांचं वजन उतरल्यावर सरळ कशी धरायची, हे मानेला आठवायला थोडे दिवस लागले.

नरकचतुर्दशी जवळच होती. आईने पहाटे तिच्या डोक्याला वाटीभर तेल जिरवलं. एकतीस वर्षांनी त्या डोक्याला तेल लागत होतं. दिवाळी झाल्यावर आत्या दुकानात आली, टोपलीपुढे उकिडवी बसली आणि एकेक फणी तळहातावर ओढून बघू लागली. चार बोचल्या म्हणून परत ठेवल्या. पाचवी घेतली आणि पदराची गाठ सोडून पैसे काढले. आई नको म्हणत होती. आत्याने पैसे फळीवर ठेवले.